हँडल थरथरणं आणि गाडी डुलणं: जड टूररचे दोन वेगळे आजार

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा सिलिंडरची, साधारण 400 किलोची जुनी टूरर, म्हणजे लांब प्रवासाची मोटारसायकल, सेकंडहँड घेतली. 46,000 किलोमीटर झालेत. 90 च्या वेगात रेस सोडून गाडी आपोआप हळू होऊ दिली की 70 ते 60 च्या दरम्यान हँडल थरथरतं, दोन्ही हातांनी धरलं की थांबतं. दुसरी तक्रार अशी की वहिनी डबलसीट आणि तिन्ही डिक्या भरलेल्या असताना पुणे-कोल्हापूर रस्त्यावरच्या लांब वळणात, 100 च्या पुढे, गाडी मागून डुलायला लागते. मेकॅनिकने स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलच्या हालचालीला आवर घालणारा भाग, बसवायला सांगितलंय. बसवावा का?

आत्ता बसवू नका. तुम्ही एका दमात दोन आजार सांगितलेत, आणि डॅम्पर त्यातल्या एकावरच चालतो. दुसरा त्याने वाढू शकतो. माझ्या गॅरेजात गेल्या 22 वर्षांत अशा बऱ्याच गाड्या आल्या. निम्म्यांना आधीच डॅम्पर लागलेला असायचा आणि खरं कारण त्याच्या आड लपलेलं असायचं.

आधी हे दोन आजार वेगळे ओळखायला शिका. हँडल थरथरतं तेव्हा हलतो तो फक्त पुढचा भाग: चाक, शॉकअप, हँडल. सेकंदाला साधारण 4 ते 10 वेळा डावीउजवीकडे. बाकीची गाडी सरळच चाललेली असते. डुलण्यात मात्र सगळी गाडी सामील असते. मागचा भाग एका बाजूला जातो, गाडी थोडी कलते, हँडल उलट बाजूला फिरतं, मग सगळं उलटं होतं. हा हेलकावा संथ असतो, सेकंदाला दोन-तीन, आणि बसल्या जागी तो कंबरेला जाणवतो, मनगटाला नाही. ब्रिटनमधल्या रॉबिन शार्प यांनी 1971 मध्ये मोटारसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं, तेव्हा हे दोन प्रकार आणि हेलकावा न घेता गाडी नुसती एका बाजूला कलंडत जाण्याचा तिसरा प्रकार वेगळे काढून दाखवले होते. टायरचा रबर बाजूचा जोर लगेच देत नाही, थोडं चाक फिरल्यावर देतो, ही गोष्ट हिशोबात घेतल्यावरच थरथरीचं कोडं सुटलं. हँडलला जास्त आवर घातला की थरथर कमी होते पण वेगातल्या डुलण्यावरचा आवर कमी पडतो, हेही तेव्हापासून ठाऊक आहे. तुमच्या डॅम्परच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

आता पहिला आजार. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं छोटं चाक वेगात ढकललं की फडफडतं, ते तुम्ही पाहिलं असेल. तुमचं पुढचं चाक तशाच तत्त्वावर चालतं. हँडल ज्या तिरक्या रेषेभोवती फिरतं ती रेषा जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे टायर टेकलेला असतो, म्हणून चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. पण सरळ होताना ते मध्यावर थांबत नाही, जरा पलीकडे जातं आणि परत येतं. चांगल्या गाडीत ही ये-जा दोन-तीन वेळात विरते. कुठे ढिलेपणा असेल तर विरत नाही.

आणि ते 65 च्या आसपासच का? तुमच्या पुढच्या टायरचा घेर साधारण 2 मीटर आहे. ताशी 65 म्हणजे सेकंदाला 18 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला 9 फेरे घेतं. पुढच्या भागाची स्वतःची थरथरायची लय त्याच्याच आसपास असते. टायर जरा लंबगोल झालेला असेल, बॅलन्सिंग बिघडलेलं असेल किंवा रबरावर चढउतार पडलेले असतील, तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का, आणि तो धक्का नेमका त्या लयीवर. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेल्या टोल्यासारखं हे वाढत जातं. रेस सोडली की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून हळू होताना जास्त. त्यामुळे माझा पहिला संशय नेहमी टायरवर असतो, बेअरिंगवर नंतर.

पुढच्या टायरवरून तळहात आधी एका दिशेने फिरवा, मग उलट. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखा लागला तर त्याला कपिंग झालंय. जड गाडीचा पुढचा टायर ब्रेकिंगमुळे असाच झिजतो, आणि नक्षी अजून दिसत असते म्हणून मालक म्हणतो, टायर चांगला आहे. नंतर बाजूच्या भिंतीवरचे तारखेचे चार आकडे वाचा: 2319 असेल तर तो 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलाय. सेकंडहँड टूरर बरेचदा वर्षानुवर्षं झाकून उभी असते. किलोमीटर कमी, टायर म्हातारा. पाच-सहा वर्षांहून जुना आणि कडक झालेला पुढचा टायर मी तपासत बसत नाही, सरळ बदलायला सांगतो. पुढचा आणि मागचा एकाच कंपनीच्या एकाच जोडीतले घ्या. मागचा टायर लांब महामार्गी प्रवासाने मधोमध सपाट, चौकोनी झाला असेल तर वळणात कलतानाच्या तक्रारीतला थोडा वाटा त्याचाही आहे. काही लोक मागे कारचा टायर घालतात, जास्त टिकतो म्हणून. माझ्या गॅरेजात मी तो बसवत नाही. कलणाऱ्या गाडीला सपाट टायर देणं मला पटत नाही.

हवा. तुमच्या वर्गाच्या गाडीला कंपनी पुढे 36 आणि मागे 41 सांगते, गाडी थंड असताना. पेट्रोलपंपावर न सांगता भरली तर 28-30 भरतात, आणि पंपावरचा काटा दोन-तीन आकडे इकडेतिकडे दाखवतो, हे मी माझ्या काट्याशी ताडून पाहिलंय. स्वतःचा काटा घ्या, डिकीत ठेवा. तापमान 10 अंशांनी उतरलं की हवा दीड-दोन आकड्यांनी उतरते, म्हणजे मे महिन्यात दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे पाच-सहा आकडे कमी निघू शकते. मागच्या टायरवर 180/60 R16 पुढे 74 असं लिहिलेलं असेल. त्या 74 चा अर्थ पूर्ण हवेवर 375 किलो. तुम्ही दोघं आणि सामान धरून गाडी साडेपाचशे किलोच्या पुढे जाते आणि त्यातलं बरंचसं मागच्या चाकावर असतं. म्हणजे पूर्ण हवा असतानाही तुमच्याकडे फार शिल्लक नाही. हवा 34 वर आणली की टायरची भिंत लवते आणि डुलायला सुरुवात होते. दोन्ही तक्रारींत समान असलेली आणि फुकटात सुधारता येणारी हीच एक गोष्ट आहे, म्हणून पहिल्या दिवशी हेच करा.

यानंतर हँडलचा बॉल रेसर, म्हणजे वाटी-गोळ्यांचं बेअरिंग. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मेन स्टँडवर तुमच्या गाडीचं मागचं चाक उचललं जातं, पुढचं नाही. पुढे इंजिनाखाली, कंपनीने सांगितलेल्या जागी, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावा आणि मागे कुणाला तरी धरायला सांगा. 400 किलोची गाडी एकट्याने तोलायला जाऊ नका. आता दोन्ही शॉकअप खालून, ॲक्सलच्या वर धरून पुढेमागे हलवा. खट्ट असं काही जाणवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. शॉकअपच्या बुशचा प्ले आणि बेअरिंगचा प्ले हाताला सारखाच लागतो, म्हणून दुसऱ्या माणसाला बोट खालच्या वाटीच्या सांध्यावर ठेवायला सांगा. हालचाल तिथे लागली तर बेअरिंग. मग हँडल अगदी हळू, एका बोटाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर आल्यावर ते एका खाचेत बसल्यासारखं वाटलं तर वाटीत गोळ्यांचे ठसे पडलेत. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते आणि प्रत्येक खड्डा गोळ्या त्याच जागी ठोकतो, म्हणून खाच नेमकी मध्यावर पडते. आपल्या रस्त्यांवर 46,000 किलोमीटरला हे सहज होतं.

आता चूक कुठे होते ते सांगतो. प्ले सापडला की मेकॅनिक वरचा नट पाना लावून आवळतो आणि गाडी परत देतो. थरथर गेली म्हणून मालक खूश. पण बेअरिंग जास्त घट्ट झालं की दुसराच त्रास सुरू होतो. सरळ चालताना पुढचं चाक सतत बारीक बारीक दुरुस्त्या करत असतं, अर्धा अंश इकडे, अर्धा तिकडे, तुमच्या नकळत. घट्ट किंवा खाच पडलेल्या बेअरिंगमध्ये ते अडकतं. गाडी सापासारखी चालते, लेन धरून राहत नाही, आणि चालक दिवसअखेर खांद्यातून थकून उतरतो. म्हणून नट अंदाजाने आवळायचा नसतो. ब्रेकचे पाइप आणि वायरी मोकळ्या करून, शॉकअपच्या नळीला ताणकाटा अडकवून, हँडल मध्यावरून हलायला किती जोर लागतो ते मोजायचं आणि गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्यांच्या मध्ये बसवायचं. खाच पडली असेल तर आवळून उपयोग नाही, सेट बदला. तुमच्या वर्गाच्या गाडीत बरेच जण गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरचं बेअरिंग बसवतात. मीही तेच सुचवीन: भार रेषेवर पसरतो, ठसे उशिरा पडतात, आणि त्याचं थोडं जास्त घर्षण थरथरीला आवर घालतं. फक्त बसवल्यावर हजारभर किलोमीटरने ताण पुन्हा मोजून घ्या, कारण नवीन वाट्या बसत जातात.

पुढचं चाक काढून परत लावलं असेल, निदान पंक्चरसाठी तरी, तर एक बारीक गोष्ट बघा. ॲक्सल आवळल्यावर शॉकअपच्या तळाशी ॲक्सलला धरणारे चिमटीचे बोल्ट लगेच आवळले तर दोन शॉकअप एकमेकांकडे ओढलेले राहतात आणि वरखाली जाताना अडतात. चिमटीचे बोल्ट सैल ठेवून पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबायची, शॉकअप आपली जागा घेतात, मग आवळायचे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते न केलेल्या कितीतरी गाड्या माझ्याकडे आल्या. शॉकअपचं तेल शेवटचं कधी बदललं ते माहीत नसेल तर बदललंच नाही असं धरून चाला.

आता डुलण्याकडे वळतो. जिवाला खरा धोका मला यात वाटतो.

काही वर्षांपूर्वी मी बेळगावहून कोल्हापूरला येत होतो. एका ग्राहकाची गाडी जागेवर दुरुस्त करून परतताना हत्यारांची पिशवी आणि पाच लिटरचा ऑइलचा कॅन मागच्या वरच्या डिकीत टाकला होता, कारण बाजूच्या डिक्यांत कपडे होते. तवंदी घाटाच्या अलीकडे एका लांब उजव्या वळणात कंटेनरला मागे टाकलं आणि त्याच्या हवेतून बाहेर पडताना गाडीने मागून हेलकावा घेतला. मग दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. मी रेस हळूच सोडली, हात सैल केले, तीन-चार हेलकाव्यांत ती शांत झाली. निपाणीत थांबून पिशवी आणि कॅन बाजूच्या डिक्यांच्या तळाला ठेवले, कपडे वर टाकले. पुढे कोल्हापूरपर्यंत त्याच वेगात काही झालं नाही. गाडी तीच, वजन तेवढंच, हवा तीच. फक्त वजनाची जागा बदलली होती.

यामागचा हिशोब सोपा आहे. गाडी डावीउजवीकडे वळायला किती जड जाते आणि वळल्यावर थांबायला किती जड जाते, हे वजनाच्या मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गावर ठरतं. 10 किलो मध्यापासून 60 सेंटिमीटर मागे, म्हणजे बाजूच्या डिकीत ठेवले आणि तेच 10 किलो 110 सेंटिमीटर मागे, वरच्या डिकीत ठेवले, तर परिणाम साडेतीन पटींच्या जवळ जातो. शिवाय वरची डिकी मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकते, त्यामुळे पुढच्या चाकावरचं वजन कमी करते. म्हणूनच डिकीच्या झाकणाआड पाच किंवा दहा किलोची मर्यादा लिहिलेली असते. लोक त्यात दोन हेल्मेट, पाण्याच्या बाटल्या आणि रेनसूट भरतात, आणि वर रॅकला बंजीने पिशवी बांधतात. ट्रायम्फने आपल्या काही टूररमध्ये बाजूच्या डिक्या एकमेकींना जोडून किंचित डोलणाऱ्या केल्या, त्या याच कारणासाठी: डिक्यांचं वजन चेसिसबरोबर कडकपणे हलू नये म्हणून.

तुमचं सामान असं लावा: हत्यारं, पंक्चर किट, बूट, जे जड ते बाजूच्या डिक्यांच्या तळाला आणि पुढच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना शक्य तितकं सारखं. वरच्या डिकीत फक्त हलकं आणि फुगीर. वहिनींना शक्य तितकं तुमच्याकडे सरकून बसायला सांगा, पाठ वरच्या डिकीच्या गादीवर टेकून रेलण्यापेक्षा. दहा सेंटिमीटरनेही फरक पडतो.

यानंतर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते. दोघं बसल्यावर मागची बाजू खूप खाली गेली की पुढची बाजू उचलली जाते, हँडलचा कोन लोळतो, पुढच्या चाकाचं वजन कमी होतं, आणि वेगात डुलण्याला जे काही आवर घालतं ते सगळं कमी होतं. मोजायला सोपं आहे. मागचं चाक उचललेलं असताना ॲक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. मग दोघं पूर्ण पोशाखात बसा, डिक्या भरलेल्या ठेवा, तिसऱ्या माणसाकडून तेच अंतर मोजून घ्या. फरक शॉकच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवा. 105 मिलिमीटर हालचाल असेल तर 35 च्या जवळ. 55-60 आला आणि प्रीलोड पूर्ण चढवूनही कमी होत नसेल तर स्प्रिंग थकलीय. प्रीलोड पुरेसा असूनही खड्ड्यानंतर मागचा भाग दोन-तीनदा उसळत असेल तर शॉकचं तेल गेलंय. एकटे चालवताना प्रीलोड परत खाली आणायला विसरू नका. मागची बाजू फार उंच राहिली तर पुढच्या चाकाची सरळ होण्याची ओढ कमी होते आणि पहिला आजार डोकं वर काढतो.

चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा, प्ले बघायला मागचं चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून बाजूला ढकला. टायर, चाकाचं बेअरिंग आणि चिमटा, तिघांतलं काय हलतंय ते वेगवेगळं ओळखा. ज्या गाड्यांत इंजिन रबरांवर बसवलेलं असतं आणि चिमटा इंजिनाबरोबर जोडलेला असतो, उदाहरणार्थ 1980 पासूनच्या हार्ले-डेव्हिडसनच्या टूरर, तिथे रबरं आणि इंजिन सरळ धरून ठेवणाऱ्या दांड्याही तपासायच्या, कारण ती थकली की मागचं चाक पुढच्याच्या रेषेत राहत नाही. तुमच्या गाडीत हा भाग तसा नाही. तुम्हाला फक्त दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघायचं आहे, विशेषतः गाडी कधी पडली असेल तर. सेकंडहँड गाडीत हे विकणाऱ्याला विचारून कळत नाही. हँडलच्या टोकांवर आणि डिक्यांच्या खालच्या कडेला ओरखडे शोधा.

रस्त्याचाही यात भाग आहे. पुणे-सातारा-कोल्हापूर मार्गावर डाव्या लेनमध्ये ओव्हरलोड ट्रकांनी डांबरात चाकोऱ्या पाडल्यात. रुंद टायर त्या चाकोरीच्या काठावर चढताना स्वतःच वळतो. तक्रार फक्त तिथेच येत असेल आणि गुळगुळीत रस्त्यावर गाडी सरळ जात असेल तर तो गाडीचा दोष नाही. चाकोरी तिरकी ओलांडा, तिच्या काठावरून चालवू नका. आणि चौपदरी महामार्गावर दुचाकीला 80 ची मर्यादा आहे. दोघं आणि सामान असताना ती पाळली तर वेगातल्या डुलण्याचा प्रश्न बहुतेक वेळा समोर येतच नाही.

तरीही कधी सुरू झालंच, तर हे आजच वहिनींनाही सांगून ठेवा. ब्रेक दाबू नका. पुढचा ब्रेक दाबला की पुढच्या चाकावर भार येऊन हेलकावा मोठा होतो. रेस झटक्यात बंद करू नका, सावकाश सोडा. हात हँडलवर राहू द्या पण कोपर सैल, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, आणि अंग थोडं पुढे झुकवा. हात ताठ केले की तुमचं अंग गाडीच्या हेलकाव्याला जोडलं जातं आणि त्यात भर घालतं. मागे बसलेल्याने हलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. हळू होताना हँडल थरथरलं तर तिथे दोन्ही हात हलके ठेवून धरणं पुरेसं असतं. आणि हात सोडून चालवून पाहण्याचा प्रयोग इथेच थांबवा. तपासायचंच असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर, एकट्याने, डिक्या रिकाम्या ठेवून, अंगठा आणि तर्जनीने हलकं धरून बघा. एवढ्या हलक्या पकडीतही थरथर जाणवली तर दोष आहे आणि दुरुस्त करायचाच.

पहिले दोन दिवस फक्त हवा, सामान आणि प्रीलोड. तिन्ही फुकट आहेत. त्याने डुलणं बरंच कमी झालेलं दिसेल असा माझा अंदाज आहे. थरथर मात्र राहील, तिच्यासाठी पुढचा टायर बदला, चाक बॅलन्स करून घ्या. तीनशे किलोमीटर चालवा. अजूनही असेल तर बेअरिंग उघडा. दोन गोष्टी एका दिवशी बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. हे सगळं होऊनही हलक्या पकडीत थरथर राहिली, तर डॅम्परचा विचार करा, आणि तोही कमी-जास्त करता येणारा घेऊन, सगळ्यात हलक्या सेटिंगवर सुरुवात करून. बेअरिंग उघडताना वाट्यांचा फोटो काढून ठेवा. ठसे कुठे आणि किती खोल पडलेत ते पाहून मी तुम्हाला पुढचं सांगू शकेन.